आमचा प्रीकास्ट जॉइंट भूकंप टेस्टिंग लॅबमध्ये मोडून घेतला, त्याचा सविस्तर रिव्ह्यू

आधीच सांगतो, रिव्ह्यू मोठा आहे, निवांत वेळ काढून वाचा. आम्ही प्रीकास्ट, म्हणजे फॅक्टरीत भाग ओतून जागेवर जोडायच्या काँक्रीटच्या बिल्डिंगचं डिझाइन करतो आणि आमचा स्वतःचा एक बीम-कॉलम जॉइंट आहे, कॉलममधून बाहेर आलेल्या सळ्या आणि बीमच्या सळ्या लोखंडी स्लीव्हमध्ये समोरासमोर आणायच्या आणि आत ग्राउट (ओतल्यावर घट्ट होणारं सिमेंटचं मिश्रण) भरायचं असा. कागदावर सगळं बसत होतं, सॉफ्टवेअरमध्ये पण बसत होतं, पण जागेवर ओतलेल्या काँक्रीटच्या जॉइंटचे नियम अशा जॉइंटला सरसकट लावता येत नाहीत, टेस्ट करून दाखवा म्हणतात, आणि ते योग्यच आहे कारण भूकंपात प्रीकास्ट बिल्डिंग पडते ती बहुतेक वेळा जोडावरच. म्हणून लॅब शोधली आणि तीन कामं दिली, खऱ्या मापाच्या जॉइंटची सायक्लिक टेस्ट, म्हणजे आळीपाळीने ढकलून आणि ओढून बघायचं, मग हायब्रिड सिम्युलेशन (ते काय ते पुढे सांगतो) आणि शेवटी अर्ध्या मापाची दोन मजली फ्रेम शेक टेबलवर, म्हणजे भूकंपासारखं हलणाऱ्या टेबलवर. लॅबचं नाव लिहीत नाही, तक्रारी त्यांना तोंडावर सांगून झाल्यात. माझ्याकडून पाचपैकी चार.

लॅब निवडताना मी सगळीकडे एकच विचारत होतो, टेबल किती मोठं आणि अ‍ॅक्च्युएटर किती टनांचा (तेलाच्या दाबावर ढकलणारं आणि ओढणारं यंत्र). आता कुणी मला विचारलं तर मी सांगेन की हे दोन्ही नंतर विचारा, आधी हे विचारा की टेस्टमध्ये काही चुकलं तर तुम्हाला ते कळतं कशावरून. आमच्या बाबतीत सगळं याच एका गोष्टीवर ठरलं.

मोठ्या मशीनचं आकर्षण मला पण आहे, नाही म्हणत नाही. जपानमधल्या मिकी शहरातलं ई-डिफेन्सचं टेबल २० मीटर बाय १५ मीटर आहे, त्यावर १२०० टनांपर्यंतची आख्खी बिल्डिंग उभी करून तिन्ही दिशांनी हलवतात, १९९५ च्या कोबे भूकंपानंतर ते बांधायचं ठरलं आणि २००५ मध्ये सुरू झालं. २००७ मध्ये तिथे खऱ्या मापाची चार मजली स्टीलची बिल्डिंग हलवून शेवटी तळमजल्यावर कोसळेपर्यंत नेली होती, ते व्हिडिओ मी किती वेळा बघितलेत सांगता येणार नाही. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला १२.२ बाय ७.६ मीटरचं टेबल आहे, ते उघड्यावर असल्यामुळे डोक्यावर छताची अडचणच नाही, २०२३ मध्ये त्यावर दहा मजली लाकडी बिल्डिंगची टेस्ट झाली. इटलीत इस्प्राला वेगळाच प्रकार आहे, तिथे टेबल नाही तर १६ मीटर उंच आणि २१ मीटर रुंद काँक्रीटची रिअ‍ॅक्शन वॉल आहे आणि तिच्या आधाराने अ‍ॅक्च्युएटर बिल्डिंगला हळूहळू ढकलतात. पण तुमचा प्रश्न एका जॉइंटचा असेल तर तुम्हाला यातलं काहीच लागत नाही. एक चांगली रिअ‍ॅक्शन वॉल, खाली स्ट्राँग फ्लोर (नमुना आवळायची मजबूत जमीन), दोनतीन अ‍ॅक्च्युएटर आणि नीट मोजणारी माणसं, बस.

मात्र माप खरं पाहिजे यावर मी अडून बसलो होतो आणि त्याचं कारण लॉस एंजेलिसजवळचा नॉर्थरिज भूकंप. १७ जानेवारी १९९४ च्या त्या भूकंपानंतर स्टील फ्रेमच्या वेल्ड केलेल्या बीम-कॉलम जॉइंटमध्ये तडे सापडले, आणि हे जॉइंट सगळ्यात भरवशाचे समजले जायचे. त्यांच्या टेस्ट आधी झालेल्या होत्याच, पण बऱ्याचशा लहान सेक्शनवर, आणि बिल्डिंगमध्ये वापरलेले बीम त्याहून खूप जाड आणि खोल. वेल्डमध्ये तडा पळतो की नाही हे जाडीवर पण अवलंबून असतं. त्यानंतर अमेरिकेत खऱ्या मापाचे जॉइंट मोडून बघायचा मोठा कार्यक्रम झाला आणि त्यातूनच आजचा नियम आला की स्पेशल मोमेंट फ्रेमचा (भूकंपात मोठा वाक सोसणाऱ्या फ्रेमचा) जॉइंट ०.०४ रेडियनच्या ड्रिफ्टपर्यंत (ड्रिफ्ट म्हणजे उंचीच्या मानाने आडवं सरकणं) गेला पाहिजे आणि तिथे पण बीमच्या प्लास्टिक मोमेंटच्या, म्हणजे वाकण्याविरुद्धच्या पूर्ण ताकदीच्या, ८० टक्के ताकद शिल्लक पाहिजे. काँक्रीटमध्ये वेल्डचा प्रश्न नाही पण सळईची पकड आणि ग्राउटची पकड या गोष्टी पण माप लहान केलं की तशाच राहत नाहीत.

आता सर्व्हिसबद्दल. पहिल्या मीटिंगला तिथल्या टेस्ट इनचार्ज मॅडमनी ड्रॉइंग उघडायच्या आधीच विचारलं, "सर, कॉलमवर अ‍ॅक्सिअल लोड किती धरायचा, आणि कमीजास्त करायचा की तोच ठेवायचा?" म्हणजे कॉलमवर वरून येणारा उभा भार. मला तिथेच बरं वाटलं कारण दुसऱ्या एका ठिकाणी मला पहिला प्रश्न आला होता तो सर्टिफिकेटवर कंपनीचं नाव कसं छापायचं याचा. मॅडमनी मग कॉलमची दोन्ही टोकं पिन ठेवायची कारण भूकंपात कॉलमचा वाक मजल्याच्या मधोमध साधारण शून्य होतो, बीमचं टोक रोलरवर ठेवायचं म्हणजे ते आडवं सरकू शकेल पण वरखाली जाणार नाही, हे सगळं फळ्यावर काढून दाखवलं. हे ऐकायला साधं वाटतं, पण पिन जरा जरी जाम झाली तर जॉइंटला फुकटची ताकद मिळते आणि रिझल्ट छान दिसतो.

कास्टिंगच्या वेळी त्यांनी आमच्याकडून प्रत्येक व्यासाच्या सळईचे तुकडे मागून घेतले, त्याच बंडलमधले, आणि काँक्रीटचे नमुना सिलिंडर पण २८ दिवसांचे वेगळे आणि टेस्टच्या दिवशी फोडायचे वेगळे. सळई बहुतेक वेळा लिहिलेल्या ग्रेडपेक्षा जास्त ताकदीची निघते, मग बीम आपल्या हिशोबापेक्षा दणकट होतो आणि आपण कॉलम बीमपेक्षा मजबूत ठेवलाय हे जे गृहीत धरलेलं असतं ते डळमळतं. डिझाइनची आकडेमोड खऱ्या ताकदीवर परत करून बघा असं त्यांनीच सुचवलं.

स्पेसिमेन, म्हणजे टेस्टचा नमुना, उभा करायला आठवडा गेला. ओळंबा लावून कॉलम सरळ केला, खाली बेसला जिप्सम ग्राउटचा थर, मग रॉड ताणून स्ट्राँग फ्लोरला आवळला. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे विस्थापन मोजायची त्यांची पद्धत. अ‍ॅक्च्युएटरच्या पोटात स्वतःचा सेन्सर असतो पण तो जे दाखवतो त्यात भिंतीचं वाकणं, पिनमधली ढिलाई, बोल्टचं सरकणं सगळं आलं. म्हणून त्यांनी भिंतीला न टेकलेला वेगळा लोखंडी खांब उभा केला आणि त्यावरून स्पेसिमेनचं विस्थापन मोजलं, आणि बेस सरकतोय का, उचलला जातोय का यासाठी खाली वेगळे एलव्हीडीटी, म्हणजे बारीक विस्थापन मोजणारे सेन्सर. पहिल्या छोट्या सायकललाच दोन सेन्सरमध्ये दीड मिलिमीटरचा फरक दिसला. दीड मिलिमीटर म्हणजे काय एवढं, पण कॉलमची उंची ३ मीटर होती, म्हणजे ०.२५ टक्के ड्रिफ्ट म्हणजे अवघं साडेसात मिलिमीटर, त्यात दीड मिलिमीटरची चूक धरली तर सुरुवातीचा स्टिफनेस (कडकपणा) पार चुकीचा निघतो.

टेस्ट अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या ३७४.१ प्रमाणे झाली. प्रत्येक ड्रिफ्टला तीन सायकल, पुढची पायरी आधीच्या सव्वा ते दीड पट, आणि शेवटी ३.५ टक्के, म्हणजे आमच्या कॉलमला १०५ मिलिमीटर इकडे आणि १०५ तिकडे. तिथल्या तिसऱ्या सायकलला ताकद त्या दिशेच्या कमाल ताकदीच्या ७५ टक्क्यांच्या खाली जायला नको, ऊर्जा शोषण्याचं प्रमाण एक अष्टमांशाच्या खाली नको, आणि शून्याच्या आसपास स्टिफनेस सुरुवातीच्या ५ टक्क्यांपेक्षा कमी नको. यातली शेवटची अट लोक विसरतात, पण ज्या फ्रेमला मध्यावर काहीच धरून ठेवत नाही ती धक्क्यानंतर सरळ उभी राहणार कशी?

दोन टक्क्यांपर्यंत सगळं छान होतं. प्रत्येक सायकलनंतर दोन पोरं भेगांवर मार्करने रेषा काढायची, ढकलताना पडलेल्या भेगा लाल, ओढताना पडलेल्या निळ्या, शेजारी ड्रिफ्टचा आकडा. बीमच्या तोंडाशी भेगा आल्या, कॉलम स्वच्छ, म्हणजे पाहिजे तसंच. मग अडीच टक्क्यांच्या आसपास ढकलताना आणि ओढताना लूप, म्हणजे जोर आणि विस्थापनाच्या ग्राफचे वेढे, वेगळे दिसायला लागले. आमच्या बीममध्ये वरखाली सळ्या सारख्याच होत्या, त्यामुळे दोन्ही बाजूंना ताकद सारखीच यायला हवी होती, पण खालच्या सळ्या ताणात येत होत्या त्या दिशेला लूप मधे चिमटल्यासारखा झाला आणि लोड पडायला लागला. ३.५ टक्क्यांच्या तिसऱ्या सायकलला त्या बाजूची ताकद ७५ टक्क्यांच्या खाली गेली. म्हणजे नापास.

मी तिथे उभा होतो, खूप वाईट वाटलं, दोन वर्षांचं काम होतं ते. पण आता मागे वळून बघताना या दिवसासाठीच मी त्या लॅबला पाच तारे देऊ शकतो. त्यांनी सर्टिफिकेट लिहायची घाई केली नाही आणि नापास म्हणून शिक्का मारून मोकळे पण झाले नाहीत. आधी स्वतःची मशीन तपासली, लोड सेल (जोर मोजणारा सेन्सर) दुसऱ्या लोड सेलशी जोडून बघितला, पिन हाताने फिरवून बघितल्या, बेसचे एलव्हीडीटी बघितले, काहीच हललं नव्हतं. मग स्ट्रेन गेजचा, म्हणजे सळई किती ताणली जाते ते मोजणाऱ्या पट्ट्यांचा, डेटा काढला. खालच्या तीन सळ्यांपैकी दोघींचा स्ट्रेन ड्रिफ्टबरोबर वाढत गेला होता आणि तिसरीचा एका ठिकाणी पोहोचून नंतर खाली आला होता. बीम वाकतोय, भेग उघडतेय आणि सळईचा ताण मात्र कमी होतोय, याचा अर्थ एकच, सळई सरकतेय.

मग आम्ही परवानगी दिली आणि त्यांनी जॉइंट कापला. डायमंड सॉने त्या स्लीव्हचे उभे काप केले आणि आत ग्राउटमध्ये वरच्या बाजूला लांबच लांब पोकळी होती. स्लीव्ह आडवं असतं तेव्हा ग्राउट आत घालायचं आणि हवा बाहेर यायचं अशी दोन्ही तोंडं वरच्या बाजूला पाहिजेत, म्हणजे ग्राउट थोडं बसलं तरी पातळी सळईच्या वर राहते. आमच्या ड्रॉइंगमध्ये सगळ्या स्लीव्हची तोंडं कडेला काढलेली होती, फॅक्टरीत साच्याला ते सोयीचं पडत होतं म्हणून. बाकीच्या स्लीव्हमध्ये नशिबाने भरलं, एका स्लीव्हमध्ये नाही. डिझाइनची आकडेमोड बरोबर होती, चूक आमच्या डिटेलमध्ये होती, आणि स्ट्रेन गेज त्या तिन्ही सळ्यांवर लावले नसते तर आम्ही स्लीव्हची लांबी वाढवत बसलो असतो. प्रत्येक सळईला गेज लावायचा आग्रह लॅबचा होता, मी एकाच सळईला पुरे म्हणत होतो.

दुसरा स्पेसिमेन तोंडं वर करून ओतला, तो पास झाला, दोन्ही बाजूंना. लूप अजून थोडे चिमटलेले आहेत, ते अशा जॉइंटमध्ये असतातच, पण ऊर्जेची अट आरामात पार पडली.

यानंतर हायब्रिड सिम्युलेशन. कल्पना अशी की आख्खी बिल्डिंग बांधायची गरज नाही, जो भाग गणितात नीट बसत नाही तेवढाच लॅबमध्ये उभा करायचा, बाकीचे मजले कॉम्प्युटरमध्ये. कॉम्प्युटर भूकंपाच्या एका छोट्या क्षणाचं गणित करतो, जॉइंट किती सरकायला पाहिजे ते अ‍ॅक्च्युएटरला सांगतो, अ‍ॅक्च्युएटर तेवढं ढकलतो, जॉइंट जितक्या जोराने विरोध करतो तो आकडा परत कॉम्प्युटरकडे, मग पुढचा क्षण. वस्तुमान आणि डॅम्पिंग (हालचाल हळूहळू शमवणारा परिणाम) गणितात असतं म्हणून हे सगळं हळू केलं तरी चालतं. जपानमध्ये १९७० च्या दशकात ही पद्धत उभी राहिली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्सुकुबाला जपान आणि अमेरिकेने मिळून सात मजली खऱ्या मापाची काँक्रीटची बिल्डिंग अशाच पद्धतीने तपासली, तेव्हाचे कॉम्प्युटर काय असतील विचार करा. आमच्यावेळी गणिताला ओपनसीज आणि मधला दुवा म्हणून ओपनफ्रेस्को ही सॉफ्टवेअर, दोन्ही कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातून आलेली आणि दोन्ही मोफत.

२० सेकंदांचा भूकंप, ०.०१ सेकंदाची एक स्टेप, म्हणजे २००० स्टेप, एकेका स्टेपला पाच सेकंद धरले तरी पावणेतीन तास होतात, आणि प्रत्यक्षात मधे मधे थांबून भेगा बघायच्या म्हणून आख्खा दिवस गेला. इथे लॅबची तयारी मला मध्यम वाटली. अ‍ॅक्च्युएटरला १० मिलिमीटर सांगितलं आणि तो ९.८ वर थांबला आणि असं प्रत्येक स्टेपला कमीच पडत राहिलं तर गणितात खोटी ऊर्जा घुसत राहते आणि बिल्डिंग आहे त्यापेक्षा जास्त हलते. जास्त गेला तर उलटं, खोटं डॅम्पिंग. पहिल्या रनला हेच झालं, आणि ते त्यांना कळलं ते आम्ही विस्थापनाच्या चुकीचा ग्राफ मागितल्यावर. त्यांनी ट्यूनिंग परत केलं, स्टेपनंतर थांबून राहायचं बंद करून सलग हालचाल ठेवली कारण थांबलं की काँक्रीटमध्ये जोर हळूहळू उतरतो, आणि दुसरा रन स्वच्छ आला. पण तोपर्यंत जॉइंटला पहिल्या रनच्या भेगा पडून गेल्या होत्या, आणि त्या काही परत मिटत नाहीत. त्यामुळे हायब्रिडला मी पाचपैकी तीनच देईन. जे लोक हे पहिल्यांदा करून घेणार आहेत त्यांनी खऱ्या स्पेसिमेनच्या आधी एखादा साधा स्टीलचा खांब लावून दोन दिवस सराव करून घ्यायला लॅबला सांगा.

शेक टेबल. माझी आधीची इच्छा पाव मापाची चार मजली फ्रेम करायची होती, दिसायला भारी. लॅबने मला वह्या काढून समजावलं. साहित्य तेच ठेवायचं, गुरुत्वाकर्षण तर बदलता येत नाही, मग ताण सारखा राहायला वस्तुमान मापाच्या वर्गाने कमी व्हायला पाहिजे, पाव मापाला एक सोळांश. पण मॉडेलचं स्वतःचं वस्तुमान घनाने कमी होतं, एक चौसष्टांश. म्हणजे मॉडेलच्या वजनाच्या तिप्पट वजन वेगळं लादायचं, तेही फ्रेमची ताकद न वाढवता. अर्ध्या मापाला हिशोब सोपा होतो, एक चतुर्थांश पाहिजे, एक अष्टमांश आहे, म्हणजे मॉडेलच्या वजनाइतकंच वजन वर ठेवायचं. शिवाय पाव मापाला स्लीव्ह मिळणार कुठून. म्हणून अर्धं माप, दोन मजले. वेळ पण दाबावा लागतो, मापाच्या वर्गमूळाने, म्हणजे ४० सेकंदांचा भूकंप २८ सेकंदांत उरकतो आणि त्याच्या फ्रिक्वेन्सी १.४ पट वर जातात. स्लॅबवर लोखंडी ठोकळे बसवले ते पण प्रत्येक ठोकळा मधे फट ठेवून वेगळा आवळला, सगळे एकत्र जोडले असते तर स्लॅब कडक झाला असता.

टेबल कसं चालतं हे जवळून बघण्यासारखं आहे. खाली पंप, साधारण २१० बारचं तेल, आणि मोठमोठे अ‍ॅक्युम्युलेटर (दाबाखालचं तेल साठवायच्या टाक्या), कारण जोरदार धक्क्याला एका क्षणात जेवढं तेल लागतं तेवढं कुठलाच पंप देऊ शकत नाही, ते आधी साठवून ठेवावं लागतं. आम्हाला कोबेचं ताकातोरी स्टेशनचं रेकॉर्ड पाहिजे होतं. तिथे अडचण प्रवेगाची आली नाही, वेगाची आली. ताकातोरीत लांबलचक जोरदार झोके आहेत, त्यांना वेग जास्त लागतो आणि वेग म्हणजे तेलाचा प्रवाह. लॅबने आधीच सांगितलं की ८० टक्क्यांपर्यंतच नेऊ, त्यापुढे टेबल खोटं बोलेल. हा शब्द त्यांचा आहे, मला फार आवडला. पूर्ण ताकातोरी केलं असं रिपोर्टमध्ये लिहून देणारं कुणीतरी मिळालं असतं, आणि टेबलवर खरोखर काय गेलं ते कुणी बघितलं नसतं.

कारण टेबलला जे सांगता तेच ते करतं असं नसतंच. वर जड फ्रेम आहे, ती हलायला लागली की टेबललाच उलट ढकलते, तेलाच्या स्तंभाची स्वतःची फ्रिक्वेन्सी असते, आणि फ्रेमला तडे गेले की हे सगळं परत बदलतं. म्हणून आधी कमी तीव्रतेला चालवून, मिळालेली हालचाल आणि मागितलेली हालचाल यातला फरक काढून सिग्नल सुधारत नेतात. आम्हाला प्रत्येक रननंतर दोन्हींचे रिस्पॉन्स स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीच्या फ्रेमला किती धक्का बसेल त्याचे ग्राफ) एकावर एक काढून मिळाले. कॅलिफोर्नियातल्या १९४० च्या एल सेंट्रो भूकंपाच्या रेकॉर्डला दोन्ही रेषा जवळजवळ चिकटून होत्या. ताकातोरीला आमच्या फ्रेमच्या फ्रिक्वेन्सीच्या थोडं वर टेबलने जास्त दिलं होतं, ते त्यांनी रिपोर्टच्या पहिल्याच पानावर लिहिलंय. अशा लॅबचा रिपोर्ट हातात घ्यायला बरं वाटतं.

दोन रनच्या मधे व्हाइट नॉइज, म्हणजे टेबल अगदी हलकं, सगळ्या फ्रिक्वेन्सीत थरथरवायचं आणि फ्रेमची स्वतःची फ्रिक्वेन्सी काढायची. आमची सुरुवातीला ४ हर्ट्झच्या आसपास होती, शेवटच्या रननंतर ३ च्या आसपास. स्टिफनेस फ्रिक्वेन्सीच्या वर्गाने जातो, म्हणजे तीन चतुर्थांशाचा वर्ग, ५६ टक्के उरला. डोळ्यांना बीमच्या टोकाशी बारीक भेगा आणि दोन ठिकाणी पोपडे एवढंच दिसत होतं. भूकंपानंतर बिल्डिंगला बाहेरून बघून काही झालं नाही म्हणणारे लोक आठवले.

अजून एक गोष्ट, आणि ती सगळ्या लॅबनी करायला पाहिजे. टेस्टच्या आधी त्यांनी आमच्याकडून लेखी अंदाज घेतला, सगळ्यात वरचा मजला किती हलेल, तळाला किती जोर येईल, कुठे आधी मोडेल. सॅन डिएगोला २०१० मध्ये एका खऱ्या मापाच्या पुलाच्या काँक्रीट कॉलमवर अशीच जाहीर स्पर्धा झाली होती, १.२ मीटर व्यासाचा, सव्वासात मीटर उंच एकच खांब, याहून सोपं स्ट्रक्चर काय असणार, तरी जगभरातल्या टीमचे अंदाज एकमेकांपासून खूप लांब लांब होते. आमचा जोराचा अंदाज जवळ आला, ड्रिफ्टचा मात्र कमी पडला. शोधल्यावर कळलं की मी डॅम्पिंग सुरुवातीच्या स्टिफनेसवर बांधलं होतं, सळ्या यिल्ड झाल्यावर (कायमच्या ताणल्या गेल्यावर) पण मॉडेल तेवढंच डॅम्पिंग लावत राहतं आणि फ्रेमला उगाच आवर घालतं. बदलत्या स्टिफनेसवर घेतल्यावर फरक बराच कमी झाला. अंदाज आधी लिहून दिलेला नसता तर मी टेस्टनंतर मॉडेल जुळवून घेतलं असतं आणि ही चूक मला आयुष्यभर कळली नसती.

आता तक्रारी. तारखा पाळल्या नाहीत, तीन आठवडे उशीर झाला, आणि उशीर होणार हे आम्हाला दोनच दिवस आधी सांगितलं, तोपर्यंत आमचा स्पेसिमेन ट्रेलरवर चढलेला होता. डेटा दिला तो नुसत्या आकड्यांच्या फाइल, कुठल्या कॉलममध्ये कुठला सेन्सर, युनिट काय, फिल्टर लावलाय की नाही, काहीच लिहिलेलं नाही, त्यासाठी चार वेळा फोन करावे लागले. एका स्ट्रिंग पॉटची (तारेने विस्थापन मोजणाऱ्या सेन्सरची) वायर दुसऱ्या मजल्यावर सैल होती आणि दोन रन होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही, तो डेटा गेलाच. आणि व्हिडिओ. चार कॅमेरे होते, चित्रण सुंदर, पण घड्याळ डेटाच्या घड्याळाशी जुळलेलं नाही, त्यामुळे पोपडा नेमका कुठल्या सेकंदाला उडाला आणि तेव्हा जोर किती होता हे आम्हाला अंदाजाने लावावं लागलं. एवढी चांगली टेस्ट करून हा भाग असा सोडून द्यायचा हे मला खरंच पटलं नाही.

सुरक्षेत मात्र कसर नाही. फ्रेम क्रेनला सैल पट्ट्यांनी बांधलेली, म्हणजे पडायला लागली तर धरेल पण एरवी आधार देणार नाही, बाजूला लोखंडी धरपट्टा, आणि ऑइल सुरू असताना टेबलवर कुणीही नाही, भेगा बघायला जायच्या आधी पंप बंद झाल्याची खूण दाखवायची. माझ्याबरोबर आलेल्या ज्युनिअरला एकदा रेषेच्या आत पाऊल टाकलं म्हणून बाहेर बसवलं, ते पण बरोबर केलं.

आम्ही परत त्यांच्याकडेच चाललोय, यावेळी कॉलम आणि पायाच्या जोडासाठी. सगळी स्लीव्ह उभी आहेत, ग्राउट खालून भरून वरून बाहेर येईपर्यंत थांबायचं, आणि प्रत्येक स्लीव्हचा वरून निघालेला ग्राउट फोटोत आला पाहिजे असं फॅक्टरीला कळवलंय. लॅबला लेखी दोनच गोष्टी मागितल्यात. प्रत्येक चॅनलचं नाव, युनिट आणि फिल्टर लिहिलेला एक तक्ता, आणि चारही कॅमेऱ्यांना दिसेल असा एक छोटा दिवा, जो रेकॉर्डिंग सुरू झालं की डेटाच्या सिस्टिममधूनच पेटेल. मॅडमचं उत्तर आलं, दिवा त्यांनी आणून पण ठेवलाय.